बोर्डाच्या कोपऱ्यातलं नाव

चामोर्शीत गुलाम रसूल कुठे राहतात असं विचारलं, तर लोक तोंडाकडे पाहत राहायचे. रसूल पेंटर म्हटलं की चहावालासुद्धा हातातली किटली तशीच धरून, आज त्याची शिडी कुठल्या दुकानाला लागली आहे ते सांगायचा. कानामागे खडू, बोटांच्या पेरांत वाळलेला रंग आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एखाद्या दुकानदाराने खालून "रसूलभाऊ, लाल जरा जास्त टाका" म्हटलं की हा ब्रश डब्यात उभा करायचा, सावकाश शिडी उतरायचा आणि म्हणायचा, "घ्या. टाका तुमीच." दुकानदार हात जोडायचा. कारण रसूलने काढलेलं अक्षर बाजाराच्या गर्दीतही रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता यायचं, आणि तसं दुसऱ्या कोणाचं यायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

ही विद्या त्याने चंद्रपूरच्या मुखरू उस्तादाकडून घेतली होती. मुखरूने पहिलं वर्षभर त्याला ब्रशला हात लावू दिला नाही. दोऱ्याला खडूची पूड लावायची, पत्र्यावर ताणून धरायचा, मधोमध उचलून सोडायचा. पांढरी सरळ रेघ उमटते. याला सूत मारणं म्हणतात. वर्षभर नुसतं सूत. मग एक ब्रश मिळाला, एकच. शिडीवर उभं राहून बोर्ड पास करायचा नाही, खाली उतरून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून पाहायचं, असा मुखरूचा दंडक होता. आणि पोराने पहिला बोर्ड पूर्ण केला की उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात नाव टाकायचं ते उस्तादाचं. रसूलने तेव्हा कुरकुर केली होती, की मेहनत माझी आणि नाव तुमचं काऊन? मुखरू म्हणाला होता, "नाव शोभेले नसते रे. बोर्ड वाकडा निघाला तं लोकाईनं कोणाच्या घरी जाव? तुह्या? तुले काय येते?"

सत्तावीस वर्षं रसूलचं नाव चामोर्शीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत राहिलं. मग फ्लेक्स आला. दोन वर्षांत, म्हणजे २००४ उजाडेपर्यंत, रसूलची शिडी अंगणात आडवी झाली. ज्या दुकानदारांनी हात जोडले होते त्यांनीच आपल्या नातवांचे फोटो असलेलं रंगीत कापड दुकानांवर ताणलं. पहिल्या उन्हाळ्यात त्यातला लाल उडून गुलाबी झाला, नातवाचा चेहरा पांढराफटक पडला, तरी कोणी रसूलकडे परत आलं नाही. स्वस्त मिळालं की माणसं डोळे मिटून घेतात, आणि याचा संताप रसूलला शेवटपर्यंत पुरला. गडचिरोलीच्या फ्लेक्सवाल्याने निरोप पाठवला की चौकटीला कापड ठोकायला माणूस पाहिजे, येता का. रसूलने निरोप आणणाऱ्याला दारातूनच हाकललं. पण त्याची बायको सुलताना त्या माणसाच्या मागे दारापर्यंत गेली आणि तो वळणाआड होईपर्यंत पाहत उभी राहिली, आणि ते त्याला जास्त लागलं. आता काही हाती लागलं नाही तर दुसऱ्याच्या छापील अक्षराला खिळे ठोकायला जावं लागणार, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

त्याच महिन्यात इंदुताई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या रानमेवा बचत गटातल्या बायका चारोळी, मध, मोहाचे लाडू आणि हातसडीचा तांदूळ विकायच्या. गटाचा बोर्ड रसूलनेच रंगवला होता.

"रसूलभाऊ, पुण्याची एक संस्था आमचा माल तिकडं विकाले तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण म्हणते, इंटरनेटवर तुमचं पान पायजे. मले वाटलं, तोही एक बोर्डच होय. तं तुमीच करा."

रसूल हसला. कित्येक महिन्यांनी हसला. दुसऱ्याच दिवशी तो बसस्टँडसमोरच्या कंप्युटर इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढला.

तिथला डायरेक्टर गोड बोलणारा होता. गळ्यात टाय, टेबलावर गुळगुळीत कागदाचं पत्रक. त्याने रसूलची बोटं पाहिली आणि तेवढ्यावरच माणूस हेरला. "तुम्ही तर आर्टिस्ट! तुम्हाला कोड-बिड शिकायची गरजच नाही. आमचं क्रिएटिव्ह पॅकेज घ्या. आठ सॉफ्टवेअर. चित्र उचलायचं, ठेवायचं, वेबसाईट तयार." आठही नावं पत्रकावर एकाखाली एक छापलेली होती. फ्लॅश नावाच्या एकात अक्षरं उड्या मारायची. दुसऱ्या एकात बटण दाबलं की सावली पडायची. रसूल हरखला. ब्रशचा संच विकत घेताना जसा हरखायचा तसाच.

शिकवायला रश्मी होती. वय तेवीस, गाव भद्रावती. बाप देवराव ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला, पोरगी मावशीकडे राहून इथे नोकरी करायची. तिने पहिल्या दिवशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. डायरेक्टरने आतल्या केबिनमधून "रश्मी!" अशी हाक मारली, आणि तिने तोंड मिटून रसूलला पहिलं सॉफ्टवेअर उघडून दिलं.

चार महिने रसूल तिथे जात राहिला. लोडशेडिंगमध्ये कंप्युटर बंद पडले की अंधारात बसून राहायचा, पण उठायचा नाही. माऊस मात्र त्याच्या हाताला आला नाही. अक्षर थरथरायचं, वेलांटी तुटायची. एक दिवस त्याने माऊस आपटला, घरी गेला आणि अंगणात सात मोठे ड्रॉइंग पेपर पसरले. वर जंगल, खाली मोहाची फुलं, मधोमध "रानमेवा" अशी हातभर रुंद अक्षरं. त्याखाली सगळा मजकूर, भाव, पत्ता, बायकांची नावं, सगळं ब्रशने. अक्षर म्हणजे काढायची गोष्ट, हे ज्याच्या हाडीमांसी मुरलं आहे तो दुसरं काय करणार? प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली त्याने आपलं नाव टाकलं: रसूल पेंटर, चामोर्शी. मग चंद्रपूरला जाऊन सातही कागद मोठ्या मशीनवर स्कॅन करून आणले. स्कॅन करणाऱ्याने विचारलं, बारीक करू का? रसूल त्याच्यावर खेकसला, "एक रेघ उडाली नाई पायजे."

डायरेक्टरने ती सात चित्रं सात पानांत चिकटवली, कुठल्याशा सर्व्हरवर चढवली आणि रसूलची पाठ थोपटली. इन्स्टिट्यूटच्या कंप्युटरवर पान असं उघडलं की बघतच राहावं. चित्रं त्याच यंत्रात साठवलेली होती, तेव्हा उघडणारच. हे रसूलला माहीत नव्हतं. डायरेक्टरला होतं. रश्मीलाही होतं.

गडचिरोलीला बचत गटांची बैठक होती. पंधरा गटांच्या बायका, पुण्याच्या संस्थेचा एक चष्मेवाला माणूस, टेबलावर कंप्युटर आणि त्यातून निघून फोनच्या डबीत गेलेली वायर. इंदुताई नवं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या, रसूल मागे भिंतीला टेकून उभा होता. पत्ता टाकला. पांढरं पान आलं. मग वरच्या बाजूला बोटभर हिरवी पट्टी आली. बायका पुढे सरकल्या. पाच मिनिटांनी दुसरी बोटभर पट्टी आली. चहा आला, प्यायला गेला. अजून थोडं जंगल आलं. मग "रानमेवा"ची वरची आडवी रेघ आली. नुसती रेघ, खाली अक्षर नाही.

"ताई, तुमचा रानमेवा झाडावरून उतरूनच नाई राह्यला," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी खोली हसली. तेवढ्यात फोनची लाईन तुटली. पुन्हा जोडली. पुन्हा पांढरं पान, पुन्हा बोटभर हिरवं. कोपऱ्यातलं रसूलचं नाव इतकं खाली होतं की ते आलंच नाही. त्या खोलीत हे कोणी केलं हे कोणाला कळलं नाही, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा रसूलला त्याचं बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज मात्र त्याहून मोठी होती.

पुण्याचा माणूस घड्याळ पाहून म्हणाला, "महिनाभर देतो. नाहीतर आमच्याकडे तयार साचा आहे, त्यात तुमचं नाव बसवून टाकू." परतीच्या एस.टी.त इंदुताई खिडकीकडे तोंड करून बसल्या, आणि चामोर्शी येईपर्यंत रसूलने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रसूल थेट इन्स्टिट्यूटमध्ये घुसला. डायरेक्टर म्हणाला, "लाईनचा प्रॉब्लेम आहे हो, त्याला मी काय करणार?" आणि पत्रक पुढे सरकवलं, यापुढचं ॲडव्हान्स पॅकेजही होतं म्हणे. रसूलने पत्रक फाडलं, त्याच्याच टेबलावर ठेवलं आणि बाहेर आला. रश्मी त्याच्यामागून रस्त्यापर्यंत धावली.

"भाऊ, लाईनचा नाई," ती म्हणाली. "तुमचं एकेक पान लय जड आहे. आख्खं चित्र फोनच्या तारेतून कसं येईन? अक्षर अक्षरासारखं लिवाव लागते. ते हलकं रायते, लगेच येते. चित्र पायजे तेवढंच, अन् तेही लहान."

"हे तुले कधीपासून मालूम होतं?"

ती खाली पाहू लागली. "पह्यल्या दिवसापासून."

रसूलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली इतक्या मोठ्यानं तो ओरडला. "चार महिने! चार महिने तू माझ्या बाजूले बसून राह्यली! मी डायरेक्टरले काय म्हणू, तो तं दुकानदार होय. पण तू शिकवणारी न? सात कागद घेऊन मी हसत हसत आलो, तई तुले एक शब्द काढता आला नाई?"

"ते म्हणत, गिऱ्हाइकाले भिववू नको. नोकरी जाईन म्हणून..."

"माझी इज्जत गेली न!"

ती रडली नाही. तिलाही राग आला होता, त्याचा नव्हे, स्वतःचा. ती म्हणाली, "नोटपॅड पायजे फक्त. ते प्रत्येक कंप्युटरात फुकट रायते. अन् पान पाहाले ब्राउझर. पह्यले एवढंच. बाकीचे आठ सॉफ्टवेअर तुमाले सध्या लागतच नाई."

"एकच ब्रश," रसूल म्हणाला.

"काय?"

"मंग मले आठ ब्रश काऊन विकले, लेकाहो!" आणि तो पुन्हा ओरडू लागला. पण या वेळी त्यात मुखरूचा आवाज मिसळला होता. रस्ता ओलांडून पाहिलं नाही. शिडीवरूनच बोर्ड पास केला. उस्ताद असता तर त्याने आधी आपल्याच कानाखाली वाजवली असती, हे रसूलला त्या रस्त्यावर उभं राहून कळलं, आणि सगळ्यात जास्त राग त्याला स्वतःचाच आला.

कोर्सचे तास बाकी होते. ते तो हक्काने जाऊन बसला. सकाळी सातला, वर्ग सुरू व्हायच्या आत. रश्मीने नोटपॅड उघडलं: नुसती पांढरी खिडकी, ना रंग, ना बटण. इथे मथळा सुरू, इथे संपला. इथे यादी सुरू, इथे संपली. अशा इंग्रजी खुणा कंसांत लिहायच्या, त्या पानावर दिसत नाहीत, पण सगळं त्यांच्यावर उभं राहतं. रसूल बराच वेळ पाहत राहिला. "हे सूत होय," तो म्हणाला. "रंग लागल्यावर खडू पुसून टाकतो, तसं." रश्मीने सूत कधी पाहिलं नव्हतं. त्याने कानामागचा खडू काढून तिच्या टेबलावर रेघ मारून दाखवली.

त्याला इंग्रजी फारसं वाचता यायचं नाही. पण सिरोंच्याकडच्या बोर्डांवर त्याने अर्थ न कळता तेलुगू अक्षरं बिनचूक काढली होती. मग हे कंस काय अवघड? एका बोटाने, अक्षर लावून लावून तो टाईप करायचा. एकदा मथळा संपल्याची खूण राहून गेली आणि आख्खं पान मथळ्याएवढ्या ठसठशीत अक्षरांत फुगलं. रसूलने टेबलावर मूठ आपटली. रश्मीही चिडून म्हणाली, "चूक कंप्युटरची नाई, तुमची आहे. शोधा." त्याने अर्धा तास शोधली. तिने बोटाने दाखवून दिली नाही, ते बरं केलं.

मराठी अक्षरांची वेगळीच कटकट. जुन्या कंप्युटरवर त्यांच्या जागी नुसत्या चौकोनी डब्या दिसायच्या. रश्मीने नव्या विंडोजची सीडी घालून मराठी चालू केली, आणि गडचिरोलीच्या कंप्युटरवरही तसंच करायला फोन करून सांगितलं. चित्र एकच ठेवायचं ठरलं, मथळ्याचं. "रंग जितके कमी तितकं चित्र हलकं," ती म्हणाली. रसूलने तिच्याकडे रागाने पाहिलं. आयुष्यभर त्याने चार रंगांतच बोर्ड काढले होते. जंगल, फुलं, सावल्या हा सगळा थाट त्याने डायरेक्टरच्या नादाने केला होता. त्याने नवा कागद घेतला. पांढऱ्यावर काळं, लाल आणि एक पिवळी रेघ, "रानमेवा", बस. ते चित्र इतकं हलकं झालं की रश्मीने दोनदा आकडा तपासला.

पान पूर्ण झालं तेव्हा तो ते इन्स्टिट्यूटमध्ये पाहायला तयारच होईना. एस.टी.ने गडचिरोलीला गेला, फोनच्या लाईनवर चालणाऱ्या एका सायबर कॅफेत बसला आणि तिथे पत्ता टाकला. परत येऊन दोन ओळी छाटल्या. पुन्हा गेला. असे तीन फेरे झाले.

दरम्यान डायरेक्टरला वास लागला. महिन्यानंतरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तो खेळीमेळीने म्हणाला, "रसूलभाऊ, खाली आमच्या इन्स्टिट्यूटचं नाव टाकून द्या. शेवटी विद्यार्थी आमचाच." रसूल कंप्युटरकडे वळला. नोटपॅडमध्ये शेवटची ओळ त्याने हाताने झाकून लिहिली आणि पान स्वतःच सर्व्हरवर चढवलं.

बैठकीला डायरेक्टर स्वतः आला, टाय लावून. रश्मीला कंप्युटर चालवायला सोबत आणलं. खोली तीच, वायर तीच, पुण्याचा माणूसही तोच. पत्ता टाकला, आणि बायका चहाकडे वळायच्या आत मजकूर आला. चारोळी, मध, लाडू, तांदूळ, बायकांची नावं, त्यांची गावं, सगळं एकदम. अगदी तळाच्या कोपऱ्यातली बारीक ओळसुद्धा आली. सगळ्यात शेवटी वर रसूलचा मथळा उमटला. इंदुताईंनी आपलं नाव बोट लावून वाचलं.

पुण्याच्या माणसाने पत्ता वहीत उतरवला. "ठीक आहे. यांना साचा नको. पुढचा गट?"

एवढंच. अक्षर कसं आहे याबद्दल चकार शब्द नाही. रसूलचं डोकं तापलं. एवढं काळं-लाल-पिवळं कोणाला दिसलंच नाही का? पण तेवढ्यात इंदुताई पडद्यावर वाकल्या.

"हे खाली काय होय? 'रश्मी, भद्रावती'. भाऊ, तुमचं नाव कुठी आहे?"

डायरेक्टरचा चेहरा उतरला. "हे काय? इन्स्टिट्यूटचं नाव सांगितलं होतं ना? रश्मी, काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

रश्मी पांढरी पडली. ती रसूलजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, काढा माझं नाव. म्या तं तुमाले चार महिने फसवलं."

"म्हणूनच टाकलं," रसूल म्हणाला. त्याचा आवाज काही हळू नव्हता. "पह्यल्या बोर्डावर उस्तादाचं नाव रायते. शोभेले नाई. उद्या पान बिघडलं तं या बाया कोणाच्या दारात येतीन? माझ्या? मले एक महिन्याची अक्कल आहे. तुह्या दारात येतीन. आता सांग, पुढच्या माणसाले आठ ब्रश विकशीन?"

रश्मीने डायरेक्टरकडे पाहिलं. तो टाय नीट करत होता.

"नाई," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल. त्याले ऐकू नाई आलं."

"नाई विकणार!" ती ओरडली, आणि पंधरा गटांच्या बायका वळून पाहू लागल्या.

"मंग राहू दे नाव," रसूल म्हणाला आणि इंदुताईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.